अकरावी जागा

१

राजमच्या घरात दिवस उजाडायचा तो विश्वेशरावांच्या अंगठ्यावर. देवळातली घंटा वाजो की दूधवाला हाक मारून जावो, राजमच्या लेखी त्याला अर्थ नव्हता. नवऱ्याच्या उजव्या अंगठ्याखाली तांबडं बटण जुन्या वेष्टीच्या, धोतराच्या, पट्टीनं बांधायचं, बटणाची वायर कॉम्प्युटरला नीट आहे ना ते पाहायचं, पडदा खाटेसमोर वळवायचा, आणि मग उंबऱ्यात बसून कान द्यायचा. दिवस सुरू व्हायचा तो त्यानंतर.

तीन वर्षांपूर्वी विश्वेशरावांच्या मेंदूच्या मुळाशी गुठळी अडकली. माणूस वाचला, पण मानेखालचं अंग गेलं आणि वाचाही गेली. पापनाशमच्या स्टेशनात तीस वर्षं तिकिटाच्या खिडकीमागे बसून अख्ख्या तालुक्याशी गप्पा मारलेला हा माणूस. त्याच्याकडे आता काय उरलं, तर एक अंगठा. पापण्या हलायच्या, पण डॉक्टरांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं, "पापण्यांवर भरवसा ठेवू नका, त्या आपोआप मिटतात. खरं काय ते अंगठ्याला विचारा."

पडद्यावर तमिळ अक्षरांच्या ओळी असत. त्यांच्यावरून एक पिवळी चौकट खाली उतरायची. टिक्, टिक्, टिक्. हवी ती ओळ आली की अंगठा दाबायचा. मग चौकट त्या ओळीतल्या अक्षराअक्षरावरून सरकायची, पुन्हा टिक् टिक्, पुन्हा अंगठा. शब्द जमला की यंत्रातला आवाज तो बोलून दाखवायचा. घरात बोलायचं मराठी आणि लिहायचं तमिळ अक्षरांत, ही मराठी राजांच्या राजवाड्यामागच्या त्या गल्लीची जुनीच रीत. त्यामुळे आवाज तमिळ माणसाचा आणि बोल मराठीचे. ऐकणाऱ्याला वाटावं, शेजारचाच कुणी येऊन बसलाय.

एका वाक्याला पाव तास लागायचा. आणि तेवढ्या कष्टानं विश्वेशराव काय सांगायचे, तर, "आज चिकोरी जास्त."

पोटात नळीनं अन्न जाणारा माणूस. राजम रोज सकाळी चमच्याच्या टोकावरचा कॉफीचा एक थेंब त्यांच्या जिभेवर ठेवायची, आणि ते त्या थेंबाला नाव ठेवायला पाव तास घालवायचे.

"तुमच्या आईनं तरी बरी पाजली होती कधी," राजम म्हणायची.

टिक् टिक् टिक्. दहा मिनिटांनी उत्तर यायचं, "तिची पातळ."

असा त्यांचा संसार चालला होता. आडी महिन्यात, आषाढाच्या सुमारास, विश्वेशरावांची कूस बदलताना राजमच्या कमरेत चमक भरली आणि ती दोन तास खाटेजवळ जमिनीवर पडून राहिली, तेव्हा मात्र बंगळूरची लेक, नित्या, हट्टाला पेटली. तिरुच्चीला अशा रुग्णांना सांभाळणारं एक घर आहे, तिथं अप्पांना ठेवू या, म्हणाली. महिना-दीड महिना राजमनं रडून पाहिलं, भांडून पाहिलं. शेवटी नित्या म्हणाली, "अम्मा, तुझं नको आणि माझंही नको. अप्पा सांगतील तसं."

अप्पांनी सांगितलं. पाव तास घेऊन सांगितलं. "नको. घरीच."

त्यावर नित्यानंही तो विषय सोडला. आणि त्यानंतर आठच दिवसांनी, भाद्रपद सरताना, पुरट्टासीतल्या एका दुपारी कडाडून वीज पडली आणि कॉम्प्युटरमधून जळका वास आला.

२

श्रीकर हा राजमच्या मावसबहिणीचा मुलगा. चाळिशी उलटलेला, कानशिलावर पिकलेला, कॉम्प्युटरदुरुस्तीत हात बसलेला. त्यानं डबा उघडून आतलं पाहिलं आणि मान हलवली.

"मावशी, मदरबोर्ड गेला. नवा मागवतो. चार दिवस."

त्या चार दिवसांत राजमनं आपला तळहात त्यांच्या अंगठ्याखाली धरून अक्षरं म्हणून पाहिली. पण बटण फुंकरीनंसुद्धा दबेल असं नाजूक होतं, राजमचा तळहात भांडी घासून निबर झालेला. अंगठा दाबला गेला की आपल्याच हातातली शीर उडाली, ते तिला कळेना. चार दिवस विश्वेशराव नुसते तिच्याकडे पाहत राहिले.

पाचव्या दिवशी नवा बोर्ड बसला. पडदा उजळला, अक्षरं आली, पिवळी चौकट टिक् टिक् करत उतरू लागली. पण बटण काही लागेना. वायर खोचली की स्पीकरमधून 'टुडुंग' असा चढता आवाज यायचा आणि श्वास घ्यायच्या आत 'डुंगटु' असा उतरता. आलं, गेलं. आलं, गेलं.

"असं का करतंय रे?"

"नवं बिऱ्हाड आहे ना मावशी. माणसं जुनीच, पण कुणी कुठल्या खोलीत निजायचं ते ठरेपर्यंत भांडणं." श्रीकर जमिनीवर आडवा झाला. डब्याच्या पुढे वायरी खोचायच्या ज्या दोन जागा, त्यांची वायर आत एक पिन सरकून बसली होती, ती त्यानं काढून नीट लावली. कीबोर्ड मागच्या काळ्या जागांत चालत होता, निळ्यांत रुसत होता. मग वीज वाचवायला हा बोर्ड रिकाम्या जागांना झोपवतो असं त्याला दिसलं, ती झोप त्यानं बंद केली. बटण टिकलं. 'टुडुंग', आणि पुढे शांत.

"आता जुना कचरा काढतो," म्हणत त्यानं पडद्यावर एक यादी उघडली. "हे बघा. पूर्वी लावलेलं जे जे होतं त्याची नावं यात राहतात. पुसट दिसतात ना? रेशन कार्डावर मेलेली माणसं राहतात तशी."

एकेक पुसट नाव त्यानं पुसलं. उरली ती ठसठशीत नावं. कीबोर्ड, माउस, स्पीकर, बटण. आणि खाली आणखी एक बटण.

"दोन कशी?" राजमनं विचारलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण एकसारखी दोन चित्रं तिला दिसत होती.

श्रीकरनं त्यावर टिचकी मारली. पहिलं बटण पाचव्या जागेत होतं. दुसरं अकराव्या.

"या बोर्डाला जागा किती?"

"दहा," श्रीकर म्हणाला. त्यानं पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला. "आतल्या आत एखादी ठेवलेली असेल. कंपन्या ठेवतात." त्यानं ते दुसरं बटण पुसलं. 'डुंगटु.' तो माउसवरून हात काढतोय तोच, 'टुडुंग.' पुन्हा यादीत.

"राहू दे, काही बिघडत नाही," तो म्हणाला. "काका, बोला आता."

विश्वेशरावांनी बराच वेळ घेतला. टिक् टिक् करत अक्षरं जमली आणि आवाज म्हणाला, "श्रीकर. जाड झालास."

राजम हसता हसता डोळे पुसू लागली.

३

दुसऱ्या दिवशी दुपारची गोष्ट. राजम स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. बाहेरून आवाज आला, "राजम, उकडतंय."

तिनं उठून पंखा वाढवला, परत येऊन सूप हातात घेतलं. दोन मुठी तांदूळ निवडून झाल्यावर तिचा हात थांबला.

टिक् ऐकू आली नव्हती.

तीन वर्षं त्या टिक् टिक् नं तिचा कान असा घडला होता की झोपेतसुद्धा ती थांबली तर तिला जाग यायची. आणि आता वाक्य आलं ते सबंध, तोंडानं बोलल्यासारखं. ती बाहेर गेली. विश्वेशराव डोळे मिटून होते, छाती संथ वरखाली होत होती. आणि बटण खाटेच्या कडेला वायरीवर लोंबत होतं. सकाळी अंग पुसताना तिनंच सोडलं होतं, बांधायचं विसरली होती.

तिनं श्रीकरला फोन लावला.

"मावशी, रोजची वाक्यं काकांसाठी मी साठवून ठेवली आहेत ना. पाणी, कूस, उकडतंय. एका दाबात येतात. बटण लोंबत होतं म्हणता, मग वाऱ्यानं खाटेला आपटलं असेल."

"वाऱ्यानं? वारा नव्हता म्हणून तर उकडत होतं."

श्रीकर हसला. राजमही हसली. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, बरोबर आहे त्याचं, बटण आपटलं असणार. पण आपटून नेमकं ऊन होतं तेव्हा 'उकडतंय'च कसं यावं? बोलाफुलाला गाठ पडते कधी कधी. तिनं बटण बांधलं, आणि मग, कुणी सांगितलं नसताना, दोनदा गाठ ओढून पाहिली.

विश्वेशरावांनी डोळे उघडले होते.

"तुम्ही बोललात का मघाशी?"

चौकट उतरू लागली. टिक्, टिक्. पार शेवटच्या ओळीपर्यंत गेली, पुन्हा वर आली, पुन्हा उतरली. अंगठा हलला नाही. दमले असतील, राजमनं स्वतःला सांगितलं.

४

त्याच आठवड्यात नित्याचा फोन आला. नवरात्र आलं, कोलूच्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या का, त्यांना बुरशी लागली नाही ना, असं बोलता बोलता म्हणाली, "अप्पांना विचारू का पुन्हा एकदा?"

"झालंय ना विचारून. सारखं काय विचारतेस, नव्या सुनेला माहेर आठवतं का विचारावं तसं."

"अम्मा, तुझी कंबर गेली तर दोघांना कोण उचलणार? एकदाच विचारते. नाही म्हणाले तर पुन्हा तोंड उघडणार नाही."

राजमनं फोन स्पीकरवर टाकून खाटेजवळ धरला. नित्या म्हणाली, "अप्पा, तिरुच्चीच्या त्या घरी जाल का?"

"जातो," आवाज म्हणाला. "पाठवा मला. राजमला जड होतंय."

प्रश्न संपला आणि उत्तर आलं, मध्ये एवढीशीही फट नव्हती. फोनमधून नित्याचं हुंदका दाबणं ऐकू आलं. राजमच्या हातातला फोन तसाच. तिची नजर फोनवर होती, अंगठ्यावर नव्हती, हे तिला नंतर पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. अंगठ्यावर असती तर?

"नित्या, हे त्यांनी नाही सांगितलं. टिक् झालीच नाही. पाव तास लागतो त्यांना."

"नवा बोर्ड आहे अम्मा, जलद चालतो. श्रीकर-अण्णानंच सांगितलं मला."

"यंत्र जलद झालं, अंगठा कसा जलद होईल गं?"

नित्या अगदी मऊ आवाजात म्हणाली, "तुला ऐकायचं नाहीय ते तुला ऐकू येत नाहीय. विजयादशमीला गाडी घेऊन येते. चांगला दिवस आहे."

फोन बंद झाल्यावर राजम नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. हे तोंड तीन वर्षांत तिला पाठ झालं होतं. त्या क्षणी मात्र त्यावर होकार आहे की नकार, तिला वाचता येईना. बहिणीच्या घरी सगळी भांडी ओळखीची असून आपली कुठली ते सापडू नये, तसं झालं.

५

अष्टमीला श्रीकर आला. राजमनं त्याला सरळ सांगितलं, "सगळं काढ. एकही वायर ठेवू नकोस. मला बघायचंय."

"मावशी, मनाला लावून घेताय."

"काढ रे."

त्यानं कीबोर्ड काढला. 'डुंगटु.' माउस काढला. 'डुंगटु.' त्याआधी यादी पडद्यावर उघडून ठेवली होती, तिच्यातली नावं एकेक गळत होती. बटण काढलं, 'डुंगटु.' स्पीकरची वायर वेगळ्या भोकात होती, तीच तेवढी राहिली. आता यादी रिकामी व्हायला हवी होती.

अकराव्या जागेतलं बटण होतं तिथंच होतं.

श्रीकरनं डब्याचं झाकण काढलं, टॉर्च आत मारला. बोर्डावरच्या जागा बोटानं मोजल्या. दहा. पुन्हा मोजल्या. मग तो तसाच, टॉर्च आत धरून, बराच वेळ वाकून राहिला. काहीतरी पाहत होता की ऐकत होता, राजमला कळलं नाही.

"काय आहे?"

"काही नाही." त्यानं झाकण लावलं. स्क्रू चार होते, त्यानं दोनच बसवले. "मावशी, उद्या सरस्वतीपूजा. तसंही यंत्र बंदच राहणार. राहू दे बंद. विजयादशमी झाली की मी येऊन हा बोर्ड परत घेऊन जातो."

"आणि यांनी बोलायचं कसं तोवर?"

श्रीकर उंबऱ्यात चपला घालत होता. "काकांना म्हणावं, एक दिवस सुट्टी," तो म्हणाला. त्याच्यासाठी ओतलेली कॉफी डबऱ्याच्या वाटीत तशीच निवून गेली.

६

नवमीला पुस्तकाला, हत्याराला हात लावायचा नाही. अक्षर वाचायचं नाही, लिहायचं नाही. पाटावर सगळं मांडायचं, चंदन-कुंकू लावायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पूजा होईपर्यंत काही हलवायचं नाही. राजमच्या सासूनं ही रीत एकदाही मोडली नव्हती आणि राजमनंही. दर वर्षी विश्वेशराव आदल्या दिवशी सांगायचे, "उद्या माझी पण सुट्टी." यंदा तेवढं सांगायलाही त्यांना बटण मिळालं नव्हतं.

कोलूच्या पायऱ्यांसमोर तिनं पाट मांडला. त्यावर नित्याची शाळेतली पुस्तकं, तिची स्वतःची शिवणाची कात्री, कीबोर्ड, माउस, आणि वायर गुंडाळून ते तांबडं बटण. बटणावर मधोमध चंदनाचा ठिपका, त्यावर कुंकू. कॉम्प्युटरचा डबा जड, तो टेबलावरच राहिला. बंद करून त्यालाही कुंकू लावलं. स्पीकरलाही लावलं. आता उद्या सकाळपर्यंत देवाचं.

दुपारी ती आत नैवेद्याच्या हरभऱ्यांच्या सुंडलाला फोडणी देत होती. बाहेर 'टुडुंग' वाजलं.

तिनं गॅस बारीक केला.

"राजम," आवाज म्हणाला. "सुंडलात खोबरं घातलंस का?"

"घातलं," ती म्हणून गेली. तोंडातून निघालं आणि मग तिच्या ध्यानात आलं. आपण ओ दिली.

ती कूडमच्या, बाहेरच्या मोठ्या खोलीच्या, दारात आली. टेबलावरच्या डब्याचा दिवा लागला होता. वीज गेली तर लागते ती टेबलाखालची बॅटरी, तिच्यावर चालू झालं असेल, नव्या बोर्डांना आपोआप जाग येते, श्रीकरच म्हणाला होता एकदा. वायर ओढून काढावी असं तिला वाटलं आणि हात पुढे गेलासुद्धा. पण डब्यावर कुंकू होतं. पूजेतली वस्तू मोडायची कशी? हात तसाच मागे आला.

"कोण आहे?"

"कोण म्हणजे? सत्तेचाळीस वर्षं झाली, आता विचारतेस?"

"टिक् का होत नाही?"

"तुला त्या टिक् टिक् चा कंटाळा आला नव्हता? मला तर फार आला होता."

आणि मग जे झालं ते राजमनं पुढे कुणालाच सांगितलं नाही. ती खाली बसली. टेबलाकडे तोंड करून बसली आणि बोलू लागली. कमरेचं सांगितलं. शेजारच्या सरोजानं कोलूला ओटीत मुद्दाम फाटका खण दिला ते सांगितलं. आवाजानं विचारलं, सरोजाच्या सुनेला बोलणं येतं की अजून नुसती मान हलवते, आणि राजम पदर तोंडाला लावून हसली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिला बोलण्याला बोलणं मिळत होतं. एक वाक्य तिचं, एक त्याचं. पाव तास नाही, वाट पाहणं नाही. तहानलेलं पोर पाणी पितं तशी ती ते पीत राहिली.

किती वेळ गेला कोण जाणे. मग तिला मनात सलत होतं ते तिनं विचारलं.

"मग 'जातो' असं का म्हणालात हो? मला जड होत नाही. मी कधी म्हणाले का जड होतं म्हणून?"

"मी कुठं जातोय?" आवाज म्हणाला. "त्याला पाठव. मी आहे इथं."

राजमची पाठ खाटेकडे होती. इतका वेळ खाटेकडे पाठ होती, हे तिला तेव्हा समजलं.

ती वळली. विश्वेशरावांचे डोळे सताड उघडे होते. उजवा अंगठा नुसत्या चादरीवर दबत होता, सुटत होता, दबत होता. किती वेळ? चादरीवर त्या जागी अंगठ्याएवढी चुणी पडली होती.

ती धावली. त्यांचा हात उचलून आपल्या तळहातावर ठेवला. आज अक्षर वाचायचं-लिहायचं नाही, हे तिला माहीत होतं. तरी ती म्हणू लागली, एकेक, हळू. अंगठा दाबला गेला. की गेला नाही? तिनं ती ओळ पुन्हा म्हटली. त्याच जागी पुन्हा. आपल्याच हाताची शीर असली तर दोनदा तिथंच कशी उडेल? पण आपल्या मनात जे आहे तिथंच आपला हात उडणार, असंही तिला वाटलं. घामानं तिचा हात ओला झाला. दोन अक्षरं जमली.

नको.

"काय नको? तिथं जायला नको? की इथं राहायला नको? बघा, मी पुन्हा अक्षरं म्हणते. अहो."

ती म्हणत राहिली. अंगठा पुन्हा दबला नाही.

"दमलाय तो," टेबलावरून आवाज आला.

राजमनं आवाजाकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि नजर खाली टाकली. ती पडली पाटावर. गुंडाळलेल्या वायरीच्या वेटोळ्यात ते तांबडं बटण होतं. त्याच्यावरचा कुंकवाचा ठिपका खाली गेला. वर आला. पुन्हा खाली गेला, आणि त्या वेळी वाळत आलेल्या चंदनात हलकेच एक खळगा पडला.

तेवढंच तिनं पाहिलं. पुढचं पाहायच्या आत तिनं डोळे मिटून घेतले होते.

७

विजयादशमीच्या सकाळी नित्या गाडी घेऊन आली. राजमची अंघोळ झाली होती, पुन्हा पूजाही करून झाली होती. पाटावरचं सगळं तिनं हळदीकुंकवाचा हात लावून उतरवलं, एका बटणाशिवाय. त्याला तिनं हात लावला नाही. टेबलावरच्या डब्याची वायर भिंतीतून काढली, खालच्या बॅटरीचीही काढली. दिवा गेला.

नित्या भांडणाची तयारी करून आली होती. तिनं आईकडे पाहिलं तर आई नेसून, वेणी घालून, हातात कापडी पिशवी घेऊन उभी.

"हे काय?"

"मी पण येते. त्यांच्याजवळ राहीन. तिथं एक चटई टाकायला जागा देतील ना?"

"अम्मा, तुला पटलं?"

 आदल्या दुपारपासून राजम एकच गोष्ट उलटी सुलटी करत होती. ठेवावं तर इथं त्यांच्या वतीनं दुसरंच कुणी बोलणार. पाठवावं तर त्या दुसऱ्याच्या मनासारखं होणार. आणि स्वतः त्यांना काय हवंय, ते तिच्या हातात दोन अक्षरांपलीकडे आलंच नाही. मग एवढंच उरत होतं, की जिथं ते तिथं आपण.

"पटलं," ती म्हणाली. "चल लवकर."

"अप्पांचा कॉम्प्युटर घेऊ या ना? नाहीतर ते तिथं बोलतील कसे?"

"तो नको. श्रीकर परत नेणार आहे. तिथं दुसरा घेऊ." हे ती इतकं ठाम बोलली की नित्यानं पुढे विचारलं नाही.

गाडीवाल्यानं आणि नित्यानं विश्वेशरावांना चादरीसकट उचलून गाडीतल्या खाटेवर ठेवलं. राजमनं दाराला कुलूप घातलं, ओढून पाहिलं, आणि आत चढून त्यांच्या उजव्या बाजूला बसली. त्यांचा हात मांडीवर घेतला. नित्या पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. गल्ली सकाळच्या उन्हात शांत होती. समोर कुणीतरी तिण्णैच्या ओट्यावर रांगोळी घालत होतं. राजमला कितीतरी दिवसांनी श्वास पुरा आत घेता आला.

गाडीचं मागचं दार अजून उघडं होतं. तिच्या घराची खिडकी तिथून हातभर अंतरावर होती.

"राजम," बंद खिडकीच्या आतून आवाज आला. रागावलेला नव्हता, घाईतला नव्हता. "गॅस बंद केलास का?"

लग्न झाल्यापासून दोघंच घराबाहेर पडताना प्रत्येक वेळी विश्वेशराव तिच्या कानाशी हे विचारायचे. कुलूप घातल्यावर विचारायचे, आधी नाही. ती चिडायची, आणि दहातून एकदा परत जाऊन पाहायला लागायचं. हे नित्याला माहीत नव्हतं. श्रीकरला माहीत नव्हतं. आजारपणापासून ती दोघं मिळून घराबाहेर पडलीच नव्हती, त्यामुळे यंत्रात कुणी साठवून ठेवावं असं ते वाक्यही नव्हतं.

आणि कॉफीच्या डिकॉक्शनचं पाणी तिनं सकाळी खरंच गॅसवर ठेवलं होतं, ते उतरवल्याचं तिला आठवेना.

वायरी तर तिनं स्वतःच्या हातानं काढल्या होत्या. पण तिला भीती वाटली ती त्याची नाही. भीती होती ती ओळखीची. हा विचारणारा माणूस तिला माहीत होता. या माणसाबरोबर तिनं सत्तेचाळीस वर्षं काढली होती. मग आपण घेऊन कुणाला चाललोय?

तिनं खाटेवरच्या तोंडाकडे पाहिलं. ते डोळे तिच्याकडेच लागले होते.

"नित्या, थांब जरा," ती म्हणाली. "गॅस." आणि उठायला म्हणून ती मांडीवरचा हात बाजूला सारायला गेली.

तो हात सरला नाही. आधी अंगठा दाबला गेला, इतका जोरानं की तिच्या तळहाताचं हाड दुखलं. मग बाकीची चार बोटं, तीन वर्षांत कधी न हललेली, एकेक करून वळली आणि तिच्या मनगटाभोवती मिटली.

"काय म्हणालीस अम्मा?" नित्यानं पुढून विचारलं. "निघायचं ना?"

खिडकीमागून कुणीतरी तिच्या उत्तराची वाट पाहत होतं.